चौघांपैकी एक: एअर मार्शल डेंझिल कीलर यांच्याबद्दल मुलांना काय सांगावं?

एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: "ऑगस्ट २०२४ मध्ये गेलेल्या एअर मार्शल डेंझिल कीलर यांच्यावर शाळेच्या परिपाठात दहा मिनिटं बोलायचं आहे. माहिती जमवायला बसले, तर एके ठिकाणी त्यांनी १९६५ मध्ये पाकिस्तानचं सेबर विमान पाडलं असं ठाम लिहिलेलं सापडलं, आणि दुसरीकडे पाकिस्तानी नोंदीत तसं काही नाही असं. मुलांना चुकीचं सांगायचं नाही, आणि माझ्या बोलण्यानं त्या माणसाचा मानही कमी व्हायला नको. काय सांगू?"

बाई, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी वैमानिक नव्हतो. १९६७ साली हवाई दलात भरती झालो, आर्मामेंट फिटर म्हणून. विमानाच्या गन, दारूगोळा, बॉम्बचे रॅक ही आमची कामं. त्यातली बरीच वर्षं नॅट या छोट्या लढाऊ विमानांवर गेली. कीलर साहेबांच्या हाताखाली मी कधी नव्हतो आणि त्यांच्याशी बोलण्याचा योगही आला नाही. पण ज्या विमानातून ते लढले त्या जातीच्या विमानांच्या पोटात मी हात घातलेले आहेत, आणि १९६५ ला ज्यांनी ही विमानं सज्ज केली त्या वरिष्ठांकडून मी काम शिकलो. गेल्या माणसाबद्दल बोलायला एवढा अधिकार पुरेसा आहे असं मी धरून चालतो.

तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं. १९ सप्टेंबर १९६५ ला काय घडलं ते सगळं सांगा, आणि चौघांचं सांगा. एकट्या कीलर साहेबांचं सांगायला गेलात की लगेच 'पाडलं की नाही' या एका प्रश्नावर गाडी अडते. चौघांचं सांगितलंत की तो प्रश्न आपल्या जागी जातो.

त्या दिवसाची परिस्थिती आधी समजून घ्या. पाकिस्तानातल्या सियालकोट भागात चविंडा नावाचं गाव आहे. तिथे दोन्ही बाजूंच्या रणगाड्यांची मोठी लढाई चालू होती. आपल्या मराठी मुलांना हे नाव लगेच जवळचं वाटेल असा धागा आहे: पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, मुंबईत जन्मलेले, याच लढाईत १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. म्हणजे कीलर साहेबांचं उड्डाण त्यानंतर तीनच दिवसांनी, त्याच आभाळात. युद्धबंदी लागू झाली २३ सप्टेंबरला.

त्या दिवशी आपली चार मिस्टेअर विमानं जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करायला निघाली होती. त्यांच्या राखणीला चार नॅट. नॅटच्या तुकडीचे पुढारी स्क्वाड्रन लीडर डेंझिल कीलर, नवव्या स्क्वाड्रनचे. सोबत राय, विनय कपिला आणि चौथ्या क्रमांकावर विजय मायादेव. लक्ष्याजवळ पोहोचताना खालून विमानविरोधी तोफांचा मारा सुरू झाला आणि त्यातच चार सेबर विमानांशी गाठ पडली. कीलर साहेबांनी कपिलांना दोन सेबर घ्यायला सांगितली आणि उरलेली दोन स्वतःकडे घेतली. सगळी झटापट जमिनीपासून फार थोड्या उंचीवर झाली. उंची कमी असली की चूक सुधारायला जागा नसते. वळण थोडं जास्त घट्ट घेतलं, नाक थोडं जास्त खाली गेलं, की समोर शेत येतं.

कपिलांनी एक सेबर पाडलं. हे पाकिस्ताननंही मान्य केलेलं आहे. कीलर साहेबांनी दुसऱ्यावर गोळीबार केला आणि भारत सरकारनं ते विमानही त्यांच्या नावावर धरलं. दोघांनाही वीरचक्र मिळालं. मायादेवांचं विमान मात्र पाडलं गेलं. ते इजेक्शन सीटनं बाहेर पडले, युद्धकैदी झाले आणि ताश्कंद करारानंतर मायदेशी परतले. म्हणजे गेली चार, आली तीन.

आता तुमची अडचण. दोन्हीकडच्या नोंदी जुळत नाहीत म्हणजे कोणीतरी खोटं बोलतंय, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आम्ही लोक तसं समजत नाही, आणि का समजत नाही ते सांगतो, कारण मुलांना हे सांगण्यासारखं आहे.

नॅटमध्ये तीस मिलिमीटरच्या दोन एडन गन असायच्या, हवा आत घेणाऱ्या दोन्ही तोंडांच्या कडेला एकेक. प्रत्येक गनला ११५ गोळ्या. ऐकायला बऱ्या वाटतात. पण एडन गन मिनिटाला बाराशेच्या वर गोळ्या सोडते, म्हणजे सेकंदाला वीस. भागाकार करा: जेमतेम सहा सेकंद. वैमानिकानं बोट दाबलं आणि सहा सेकंद सोडलं नाही, तर विमान रिकामं. त्यामुळे तो अर्ध्या-एक सेकंदाचे झटके देतो. तेवढ्यात समोरच्या विमानातून धूर निघाला, एखादा तुकडा उडाला, ते एका अंगावर कललं, एवढंच त्याला दिसतं. पुढचं बघायला तो थांबला तर मागून दुसरा येतो. शेपटीमागे कोण आहे ते बघायला मान वळवली आणि परत समोर पाहिलं, तोवर धूर सोडणारं विमान झाडांच्या रेषेत कुठेतरी दिसेनासं झालेलं असतं. ते पडलं की तसंच पन्नास मैल रडतखडत घरी गेलं, हे वरच्या माणसाला कळत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कीलर साहेबांच्याच घरातलं आहे. धाकटे भाऊ ट्रेव्हर कीलर तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये नॅटवरच होते. ३ सप्टेंबर १९६५ ला पठाणकोटहून उडून छांबच्या बाजूला त्यांनी एका सेबरला गोळ्या घातल्या. युद्धातलं पहिलं पाडलेलं सेबर म्हणून त्याची नोंद झाली, ट्रेव्हर साहेबांना वीरचक्र मिळालं, देशभर नाव झालं. पुढे कळलं ते असं, की ते सेबर चाळणी झालेल्या अवस्थेत त्याच्या वैमानिकानं आपल्या तळावर नेऊन उतरवलं होतं. आता मला सांगा, यात ट्रेव्हर साहेबांचं काय चुकलं? त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. त्यांच्या गोळ्या लागल्या होत्या हे तर शत्रूच्या हँगरमधल्या विमानावरच लिहिलेलं होतं. आणि तो पलीकडचा वैमानिक, तसलं विमान घरी नेणारा, तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

म्हणून मुलांना असं सांगा: "सरकारनं त्यांच्या नावावर एक सेबर धरलं. पाकिस्तानी नोंदीत त्या दिवशीचं एकच विमान आहे, कपिलांनी पाडलेलं." झालं. हे सांगताना आवाज खाली आणायची गरज नाही. वीरचक्र शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्याचं असतं. शत्रूच्या हद्दीत, जमिनीलगत, चार विमानांची जबाबदारी डोक्यावर असताना अंगावर आलेल्या सेबरकडे नाक वळवणं, हे शौर्य त्या दिवशी झालेलं आहे. त्याबद्दल कोणाचाही वाद नाही.

आता थोडं नॅटबद्दल बोलू द्या, कारण विमान कळलं नाही तर माणूस कळत नाही.

नॅट एवढंसं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, प्रशिक्षणासाठी केलेली प्रतिकृती आहे. लांबी पावणेनऊ मीटरच्या आत, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत पावणेसात मीटर. जमिनीवर उभं राहून आम्ही त्याच्या गनचं काम करायचो. बाकीच्या विमानांना शिडी लागते, इथे बऱ्याच ठिकाणी हात नुसता वर केला की पोचायचा. पेटर नावाच्या इंग्रज अभियंत्यानं ते बेतलं होतं. विमानं दिवसेंदिवस जड आणि महाग होत चालली आहेत, ती हलकी आणि स्वस्त करता येतील, हा त्याचा ध्यास. दुसऱ्या महायुद्धात आपल्या हवाई दलानं ब्रह्मदेशात उडवलेलं लायसँडर हेही त्याचंच. ब्रिटिशांनी एकआसनी नॅट स्वतःच्या लढाऊ तुकड्यांसाठी घेतलं नाही. त्यांनी त्याचं दोन जागांचं शिकाऊ रूप घेतलं. आपण मात्र ते लढाऊ विमान म्हणून घेतलं आणि बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बांधलं.

लहान असण्याचा फायदा काय? दिसत नाही. समोरून येणारं नॅट म्हणजे आभाळातला एक ठिपका, आणि ठिपका दिसेपर्यंत ते जवळ आलेलं असतं. वर चढायला जलद, वेग पकडायला जलद. सेबर मोठं, पंखांच्या पुढच्या कडेला स्लॅट, म्हणजे पुढे सरकणाऱ्या पट्ट्या, असलेलं, कमी वेगात फार सुंदर वळायचं. त्याला सहा मशीनगन. म्हणजे सेबरची गोळी लहान पण पाऊस दाट, नॅटची गोळी थोडी पण लागली तर मोठं भगदाड. शहाणा नॅटवाला सेबरबरोबर हळू वेगात गोल गोल फिरत बसत नसे. तो वर जायचा, परत यायचा.

आणि तोटे? ते सांगायला मीच योग्य माणूस आहे. नॅटच्या गन अडकायच्या. १९६५ च्या युद्धात हा मोठा डोकेदुखीचा विषय होता, ऐन वेळी बोट दाबलं आणि गन दोन-चार गोळ्या टाकून गप्प, असं अनेकांच्या बाबतीत घडलं. एवढ्याशा विमानात गन, कड्यांनी जोडलेल्या गोळ्यांचा पट्टा, रिकाम्या कड्या बाहेर टाकायची वाट, सगळं कोंबून बसवलेलं. त्यात वळणाचा ताण आला की प्रत्येक गोळीचं वजन पाच-सहा पट होतं. आम्ही तो पट्टा भरताना एकेक कडी बोटानं चाचपायचो. कडीची धार बारीक असते, बोटं कापायची, आणि हातमोजे घातले तर वाकडी कडी बोटाला कळायची नाही, म्हणून हातमोजे काढून भरायचो. माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की वर गेल्यावर तो माणूस बोट दाबणार आहे ते तुझ्या भरवशावर. त्या वाक्यानं माझी पुढची सगळी नोकरी झाली.

शिवाय नॅटची विमान वळवायची दांडी फार हळवी होती. शेपटीचा आडवा भाग पूर्ण हलणारा, हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर. हायड्रॉलिक गेलं की हातानं चालवायचं, आणि मग तीच दांडी दगडासारखी जड. चाकं आत घेताना नाक हलायचं, त्याला सांभाळून घ्यावं लागायचं. नवख्याची परीक्षा पाहणारं विमान. म्हणून नॅटचा जुना वैमानिक म्हटला की आम्ही जमिनीवरची माणसंही जरा आदरानं बघायचो.

मुलांना हे सगळं सांगायला नको. पण एक गोष्ट सांगा, कारण ती ऐकून मुलं गप्प होतात, हे मी दोन-तीन शाळांत पाहिलं आहे. विमानं परत येताना आम्ही जमिनीवरची माणसं काय बघतो?

पहिलं, मोजतो. कोणी सांगत नाही, पण प्रत्येक जण मनात मोजत असतो. दुसरं, पंखांखाली बघतो. जाताना लावलेल्या जादा इंधनाच्या टाक्या आहेत का? लढाईला भिडायच्या आधी वैमानिक त्या टाकून देतो, विमान हलकं करायला. टाक्या नसल्या की आम्ही समजायचो, गाठ पडली. तिसरं, ते माझं खास, गनची तोंडं. काजळी धरलेली असली की फायर झालंय. मग विमान थांबेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा: दोन्ही चालल्या का? की एक अडकली?

१९७१ ला पश्चिम सीमेजवळच्या एका तळावर मी हे केलं आहे. विमान येऊन थांबतं, चाकांना अडणे लागतात, इंजिनाची शिटी उतरत उतरत बंद होते. कॅनॉपी, म्हणजे वरचं झाकण, उघडते. वैमानिक लगेच उतरत नाही. मास्क काढतो, गालावर त्याचा लाल वळ उमटलेला असतो, केस घामानं चिकटलेले. तो काही क्षण नुसता बसून राहतो. कोणी काही विचारत नाही. मग तो पाणी मागतो. पाण्याचा पहिला घोट झाल्यावर विचारायचं, त्याआधी नाही, असा आमच्यात अलिखित रिवाज होता. एकदा एकानं पाणी प्यायच्या आधीच माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली. दोन्ही गन चालल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

आणि जे विमान येत नाही त्याच्या जागेवरही एक टोळी उभी असते. अडणे हातात, शिडी तयार. इंधन संपण्याची वेळ घड्याळात होऊन जाते, तरी ती माणसं हलत नाहीत. कुठे दुसऱ्या तळावर उतरला असेल, असं म्हणत राहतात. १९ सप्टेंबरला कोणीतरी मायादेवांच्या विमानासाठी असं उभं राहिलं असणार. मायादेव जिवंत होते हे नशीब.

मायादेवांचं नाव म्हणूनच वगळू नका. पडलेल्याचं नाव घ्यायला आपल्याकडे लोक कचरतात, जणू त्यानं काही गमावलं. त्यांच्यावर ज्यानं नेम धरला तो सैफुल आझम नावाचा बंगाली वैमानिक होता, पाकिस्तानी हवाई दलात. पुढे १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात त्यानं जॉर्डन आणि इराकच्या बाजूनं उडून इस्रायली विमानं पाडली, आणि बांगलादेश झाल्यावर तो त्या देशाच्या हवाई दलात गेला. २०२० साली तो वारला. अशा माणसाच्या गन-साइटमध्ये सापडणं यात कमीपणा काहीच नाही. मोठ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलंत तर त्यांना समोरचाही माणूसच होता हे आपोआप समजेल, वेगळं सांगावं लागणार नाही.

आता कीलर साहेबांच्या दुसऱ्या पदकाकडे येतो. माझ्या मते तुमच्या दहा मिनिटांतली निदान तीन इथे द्या, कारण बहुतेक जण १९६५ वर थांबतात.

१९७८ साली ते मिग-२१ उडवत असताना हवेतच कॅनॉपी उडून गेली. डोक्यावरचं काचेचं झाकण नाही. मुलांना मोटरसायकलचा अनुभव असतो, त्यावरून सांगा: ताशी साठ-सत्तरच्या वेगात हेल्मेटची काच वर केली की डोळे उघडे ठेवता येत नाहीत. मिग-२१ तर उतरतानाच ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर असतं. वारा नुसता लागत नाही, तो बडवतो. रेडिओवर समोरचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही. कॉकपिटमधली धूळ, कागद, जे काही सैल असेल ते तोंडावर येतं. अशा वेळी आसनाची दांडी ओढून बाहेर पडायचा पर्याय वैमानिकाला असतो आणि तो घेतला तर त्याला कोणी नावं ठेवत नाही. त्यांनी विमान सोडलं नाही. ते त्यांनी जमिनीवर सुखरूप आणलं. तेव्हा त्यांचं वय ४४ होतं, युद्ध नव्हतं, समोर शत्रू नव्हता, वर्तमानपत्रात फोटो येण्याची शक्यताही फारशी नव्हती.

यासाठी त्यांना कीर्तिचक्र मिळालं. दोन पदकांमधला फरक मुलांना जरूर समजावून द्या. वीरचक्र शत्रूसमोरच्या शौर्याचं, परमवीर आणि महावीर यांच्या खालोखाल. कीर्तिचक्र हे शत्रू समोर नसतानाच्या शौर्याचं, अशोकचक्राच्या खालोखाल. एकाच छातीवर ही दोन्ही असणं दुर्मिळ. आणि जमिनीवरच्या माणसाच्या नजरेनं सांगायचं तर आणखी एक गोष्ट आहे: बिघडलेलं विमान परत आलं की बिघाड सापडतो. ते जंगलात पडून जळून गेलं तर आम्ही राखेत शोधत बसतो, आणि पुढच्या वैमानिकाला काय सांगायचं ते आम्हाला कळत नाही. विमान परत आणणारा माणूस पुढच्या वैमानिकांचेही जीव वाचवत असतो. मी हे पुस्तकात वाचून म्हणत नाही.

निवृत्तीनंतरचं काम सांगायला दोन वाक्यं पुरतील, पण ती वगळू नका. स्पेशल ऑलिंपिक्स भारत या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आणि मोठ्यांच्या खेळांसाठी काम करणाऱ्या संस्थेची धुरा त्यांनी अनेक वर्षं वाहिली. तुमच्या शाळेत अशी मुलं असतील तर त्यांना हे ऐकून काय वाटेल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

भाषेबद्दल काही सूचना, कारण इथे हमखास घोटाळा होतो. त्यांना 'शहीद' म्हणू नका. ते वयाच्या ९० व्या वर्षी गेले, भरलेलं आयुष्य जगून गेले. 'दिवंगत' म्हणा. १९६५ चं सांगताना 'स्क्वाड्रन लीडर कीलर' म्हणा. एअर मार्शल ते पुष्कळ नंतर झाले. तेव्हाच्या लढाईत एअर मार्शल विमान उडवत होते असं मुलांच्या डोक्यात बसलं की पुढे निघत नाही. 'एकट्यानं शत्रूला धूळ चारली' हे वाक्य कुठून तरी उचललेलं तुमच्या कागदावर असेल तर खोडा. लढाऊ विमानात एकच माणूस बसतो, पण तो एकटा लढत नाही. एक पुढे बघतो, दुसरा त्याची पाठ बघतो, आणि पाठ बघणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा बातमीत येत नाही. या लढाईतल्या राय यांचंच बघा. चार जणांत सगळ्यात कमी लिहिलं गेलं ते त्यांच्याबद्दल.

आणि एक. कीलर बंधू लखनौचे, अँग्लो-इंडियन समाजातले. रेल्वे, शाळा, सैन्य, हवाई दल यांत या छोट्याशा समाजानं किती माणसं दिली हे आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. आडनाव ऐकून एखादं मूल विचारेल, "ते परदेशी होते का?" त्याला स्पष्ट सांगा, की ते लखनौचे, आपलेच. ट्रेव्हर साहेब २००२ मध्ये गेले, त्यामुळे आता दोघांपैकी कोणीच नाही.

पाकिस्तानबद्दल कोणी मुलानं विचारलंच तर टाळू नका. ३ सप्टेंबरलाच आपलं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि त्यांच्या हाती लागलं, ते आजही कराचीच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. युद्धात असंही होतं. त्या विमानाची भावंडं मी हाताळली आहेत, त्याचा फोटो पाहिला की मला घरातली वस्तू परक्याच्या फडताळात दिसावी तसं होतं.

शेवटी, बोलण्याऐवजी एक करून बघा. मैदानावर खडूनं किंवा फक्कीनं नॅट काढा. लांबी पावणेनऊ मीटर, पंख पावणेसात मीटर, मोजपट्टी लावून, डोळ्यांच्या अंदाजानं नको. नाकापासून साधारण एक तृतीयांशावर एका मुलाला बसवा, पाय पुढे लांब करून, खांदे आखडून. तेवढीच जागा होती. शेजारी सेबर काढा, साडेअकरा मीटर लांब आणि तेवढेच रुंद पंख. मुलांना त्या दोन आकृत्यांभोवती एक फेरी मारू द्या. मग नॅट आणखी तीन काढा, जागा असेल तशी, एका मागे एक थोडी तिरकी, आणि प्रत्येकाच्या नाकापाशी नाव लिहायला चार मुलं पाठवा: कीलर, राय, कपिला, मायादेव. नावं मोठी लिहायला सांगा, वरच्या मजल्यावरून वाचता यायला हवीत. पंधरा मिनिटं लागतील. परिपाठाच्या वेळेत बसणार नाही, तर शारीरिक शिक्षणाच्या सरांकडून एक तास मागून घ्या.